गाडीतला हँड्सफ्री किट: तुम्हाला ऐकू येतं, पण समोरच्याचं काय?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना लिंक लागेल. एका दादांनी विचारलंय, जुनी वॅगन आर आहे, कंपनीचाच स्टिरिओ, त्याला ऑक्स (बाहेरून वायरने आवाज द्यायचं भोक) आहे पण ब्लूटूथ नाही. द्राक्ष खरेदीचं काम, त्यामुळे रोज नाशिक-दिंडोरी-पिंपळगाव फिरती आणि फोन काही थांबत नाही. त्यांनी ऑनलाइन एक छोटा ब्लूटूथ रिसीव्हर मागवला, लायटर सॉकेटमधल्या चार्जरवर लावला आणि वायर ऑक्समध्ये घातली. गाणी मस्त वाजतात. पण फोनवर समोरचा म्हणतो विहिरीतून बोलताय का, आणि गाडी रेस केली की स्पीकरमधून कूंऽऽ करत आवाज चढत जातो. दुकानदार म्हणतोय अख्खा स्टिरिओ बदला. तर खरंच बदलावा लागेल का, आणि नीट किट आणला तर घरी स्वतः बसवता येईल का?

मी नाशकात २२ वर्षं गाड्यांचं वायरिंग आणि म्युझिक सिस्टीमचं काम करतोय. सुरुवात मुंबई नाक्याजवळ एका उस्तादांच्या हाताखाली केली, आता पाथर्डी फाट्याकडे स्वतःचं छोटं गॅरेज आहे. हँड्सफ्री किट मी तेव्हापासून बसवतोय जेव्हा प्रत्येक फोनचं स्टँड वेगळं यायचं आणि फोन बदलला की स्टँड बदलावं लागायचं. नंतर पॅरट सीके ३१०० वगैरे आले, डॅशबोर्डवर छोटी स्क्रीन आणि गोल बटण, ते बरेच बसवले. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, लोक किट घेताना स्वतःला कसं ऐकू येईल ते बघतात. दुकानात गाणं लावून बघतात, बेस बघतात. पण फोन हे दोघांचं काम आहे, आणि त्यातली अवघड बाजू ऐकण्याची नाही, ऐकवण्याची. ऐकवणं दोनच गोष्टींवर अवलंबून, माइक कुठे बसलाय आणि अर्थ, म्हणजे अर्थिंगची मायनस वायर, कुठून घेतलाय. डबा कुठल्या कंपनीचा हा प्रश्न त्यानंतरचा.

म्हणून दादा, तुमच्या तक्रारी दोन दिसतात पण त्यांची कारणं वेगवेगळी आहेत, एकात एक मिसळू नका. विहिरीतला आवाज हा माइकचा प्रॉब्लेम, कूंऽऽ हा अर्थचा प्रॉब्लेम. स्टिरिओचा दोष या दोन्हीत बहुतेक नाहीये. बहुतेक म्हणतोय कारण गाडी मी बघितलेली नाही, आधी कोणी डॅशबोर्ड खोलून वायरी जोडून ठेवल्या असतील तर गणित बदलतं.

माइकचं बघा. तुमच्या त्या छोट्या रिसीव्हरमध्ये माइक डबीतच असतो, आणि डबी तुम्ही लावलीय लायटर सॉकेटपाशी, म्हणजे गिअरच्या जवळ, खाली. तुमचं तोंड तिथून कितीतरी लांब, आणि तोंड रस्त्याकडे, माइककडे नाही. अंतर दुप्पट झालं की तुमच्या आवाजाचा जोर माइकपाशी निम्मा होतो, पण टायरचा, इंजिनचा, एसीच्या पंख्याचा आवाज तेवढाच राहतो, उलट खाली जास्तच असतो. शिवाय तुमचा आवाज आधी काचेवर आपटतो, मग छतावर, मग डॅशबोर्डवर, आणि हे सगळे तुकडे थोडे थोडे उशिरा माइकला पोचतात. हीच ती विहीर. यात कितीही महाग डबी आणली आणि तिथेच लावली तरी विहीर राहणार.

उपाय म्हणजे वायरवाला वेगळा माइक असलेला किट घ्या आणि माइक तोंडाच्या जवळ आणा. मी तो उजव्या पिलरच्या, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाच्या, वरच्या टोकाला किंवा छताच्या कडेला, ड्रायव्हरच्या सन व्हायझरच्या वर बसवतो, तोंडापासून साधारण एक ते दीड वीत. आरशाजवळ मधोमध पण चालतो, पण मग बाजूला बसलेल्याचं बोलणंही तेवढंच जातं, कुटुंबाची गाडी असेल तर ठीक, धंद्याच्या फोनला नको. डॅशबोर्डवर काचेला चिकटवून लावू नका, एसीचा झोत काचेवर सोडला की समोरच्याला वादळ ऐकू येतं.

आणि माइकचं तोंड बघा हो, हे फार कोणी बघत नाही. बहुतेक माइकला एका बाजूला जाळी किंवा भोकं असतात, ती बाजू तुमच्या तोंडाकडे पाहिजे. गेल्या सीझनला एक जण आले, त्यांचा किट चांगल्या कंपनीचा, वायरिंग पण स्वच्छ, तरी आवाज दबका. बघतो तर माइक व्हायझरच्या क्लिपला लावलेला, आणि व्हायझर वर दुमडला की माइकची जाळी सरळ छताच्या कापडात घुसायची. मी काहीच केलं नाही, फक्त क्लिप काढून पिलरवर लावली आणि जाळी खाली वळवली, दोन मिनिटांचं काम. तिथल्या तिथे घरी फोन लावला तर वहिनी म्हणाल्या, घरी आलात का, गाडीचा आवाज येत नाहीये. माइकवरचा काळा स्पंजही काढू नका, बरेच जण मळला म्हणून काढून टाकतात आणि मग प, फ, भ म्हटलं की समोरच्याच्या कानात फटका बसतो.

वायर पिलरमधून खाली न्यायची असते, इथे मात्र सावध. तुमच्या जुन्या वॅगन आरमध्ये पिलरला पडदा एअरबॅग नसणार, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाची नवी गाडी असेल तर पिलरच्या आत गुंडाळलेली एअरबॅग असू शकते. पिलरवरच्या प्लास्टिकच्या कव्हरवर एसआरएस किंवा एअरबॅग असं लिहिलेलं दिसलं तर वायर तिच्यासमोरून न्यायची नाही, मागून, मूळ वायरिंगच्या रस्त्यानेच न्यायची, आणि हे जमत नसेल तर हात लावायचा नाही. एअरबॅग फुगते तेव्हा डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, मध्ये माइक आला तर तो गोळीसारखा सुटेल. डॅशखाली पिवळं कपलर (वायरी एकमेकींना जोडायचा प्लग) किंवा पिवळी नळी घातलेली वायर दिसली तर ती एअरबॅगची समजा, तिला टेस्टर बल्ब तर चुकूनही लावू नका, बल्बातून जाणारा करंट एअरबॅग उडवायला पुरू शकतो. त्या भागात काम असेलच तर बॅटरीची मायनस काढा आणि काही मिनिटं थांबा, लगेच सुरू करू नका.

आता तो कूंऽऽ. हा आवाज रेसबरोबर चढतो-उतरतो ना, मग तो आल्टरनेटरचा. गाडी चालू असताना आल्टरनेटर साधारण १४ व्होल्ट देतो, पण ते एकदम सपाट नसतात, त्यात बारीक लहरी असतात आणि रेस वाढली की त्या भरभर होतात. तुमच्या रिसीव्हरला अर्थ मिळतोय लायटर सॉकेटमधून, आणि त्याच रिसीव्हरची ऑक्स वायर स्टिरिओच्या अर्थला जोडलेली. म्हणजे एकाच वस्तूला अर्थ दोन जागांहून. या दोन जागांमध्ये अगदी किंचित व्होल्टेजचा फरक असतो, आणि त्या फरकातला करंट ऑक्सच्या वायरमधून पळतो. स्टिरिओला ते गाणंच वाटतं आणि तो ते मोठं करून वाजवतो.

खात्री करायची सोपी टेस्ट सांगतो, पैसे लागत नाहीत. रिसीव्हर चार्जरवरून काढा आणि पॉवर बँकेवर लावा, ऑक्स तसाच राहू द्या, गाडी चालू करा आणि रेस करा. कूंऽऽ गेला तर दोन अर्थचाच खेळ होता, स्टिरिओ निर्दोष. राहिला तर स्टिरिओच्या मागचा अर्थ ढिला किंवा गंजलेला आहे का ते बघावं लागेल. आणि रेसबरोबर न बदलणारी एकसारखी सीऽऽ असेल तर ती त्या स्वस्त चार्जरची, चांगला चार्जर लावला की बहुतेक वेळा जाते.

उपाय दोन. एक म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर, छोटीशी डबी असते, दोन्ही बाजूला ऑक्सची पिन, आत दोन बारके ट्रान्सफॉर्मर, आवाज जातो पण अर्थ तुटतो. याने काम होतं, थोडा बेस कमी होतो, फोनवर ते कळतही नाही. दुसरा, आणि मला पटणारा, म्हणजे किटची पॉवर आणि अर्थ दोन्ही स्टिरिओच्या मागून, त्याच जागेवरून घ्यायचा. जिथून स्टिरिओ जेवतो तिथूनच किटने जेवायचं, मग भांडण राहत नाही.

एक गोष्ट अजून, समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर ती वेगळी तक्रार. तुमच्या स्पीकरमधून निघालेला त्याचा आवाज तुमच्या माइकमध्ये शिरतो. किटमध्ये तो कापायची सोय असते, पण स्टिरिओ फार मोठा ठेवला की ती थकते. म्हणून फोनचा आवाज जवळजवळ फुल ठेवा आणि स्टिरिओचा कमी, उलटं नको. याने तो कूंऽऽ पण कमी होतो, हे करून बघाच.

मग घ्यायचं काय? हे तुमच्या गाडीवर आणि कामावर आहे. दिवसाला दोन-तीनच फोन असतील तर व्हायझरला अडकवायचा स्पीकरफोन पुरतो, वायरिंग शून्य, फक्त चार्ज करायचं लक्षात ठेवायचं. एफएमवर आवाज सोडणारे किट मी फिरतीच्या माणसाला देत नाही. नाशकात एक रिकामी फ्रिक्वेन्सी शोधून लावाल, घोटी ओलांडून कसाऱ्याकडे गेलात की त्याच जागेवर दुसरं स्टेशन चढतं, आणि भाव बोलत असताना मध्येच कोणीतरी जाहिरात करू लागतं. स्टिरिओ बदलणं वाईट नाही, ब्लूटूथवाला नवीन स्टिरिओ आणि त्याचा बाहेरचा माइक असं घेतलं तर काम सुटसुटीत होतं. पण दुकानदार जर बाहेरचा माइक न लावता, स्टिरिओच्या पट्टीवरच्या टाचणीएवढ्या भोकावर भागवणार असेल तर तुमची विहीर आहे तिथेच राहील आणि पैसे जातील, ते आधी विचारा. तुमचा स्टिरिओ धडधाकट असेल तर वेगळ्या माइकचा वायरवाला किट घ्या असं मी म्हणेन. घेताना एवढं बघा की तो फोनसाठी आहे, नुसता गाण्यांसाठी नाही. काही रिसीव्हर फक्त गाणी घेतात, फोन आला की आवाज परत मोबाइलमध्ये जातो आणि माणूस गाडी चालवता चालवता खिसा चाचपत बसतो. हँड्सफ्री प्रोफाइल, म्हणजे एचएफपी, असं डब्यावर लिहिलेलं पाहिजे. १.६ किंवा पुढचं असेल तर रुंद पट्टीचा, स्वच्छ आवाज मिळायची शक्यता, अर्थात दोन्हीकडचा फोन आणि नेटवर्कही तसं पाहिजे.

स्वतः बसवता येईल का? मल्टिमीटर हातात धरता येत असेल आणि घाई नसेल तर येईल. रविवारची अर्धी सकाळ द्या. मूळ वायर कापायची नाही, हा माझा एकच हट्ट. तुमच्या गाडीच्या स्टिरिओला लागणारा कपलर बाजारात मिळतो, एका बाजूने गाडीचं सॉकेट, दुसऱ्या बाजूने स्टिरिओचं, आणि किटची वायर मध्ये. उद्या गाडी विकायची झाली तर उपटून घ्या, गाडी होती तशी.

रंगांवर विसंबू नका, इथे भलेभले फसतात. बाजारातल्या स्टिरिओला साधारण पिवळी वायर म्हणजे कायमचा करंट, लाल म्हणजे चावीवरचा, काळी अर्थ. पण काही किटमध्ये लाल म्हणजे कायमचा आणि नारिंगी म्हणजे चावीवरचा असतो. लालला लाल जोडली आणि झालं असं समजलात तर किट प्रत्येक वेळी सगळं विसरेल, फोन पुन्हा जोडत बसा. आणि चावीवरची वायर कायमच्या करंटला गेली तर किट झोपतच नाही. एक बोलेरोवाले आले होते, दर चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की स्टार्टर मारत नाही, बॅटरी नवी टाकून झाली तरी तेच. किट दुसरीकडे बसवलेला. मी मीटर सिरीजमध्ये, म्हणजे बॅटरी आणि तिच्या वायरीच्या मध्ये, लावला, सगळं बंद असताना २०० मिलीअँपिअरच्या आसपास चाललेलं. चांगल्या गाडीत हे ५० च्या आत पाहिजे. तुमच्यासारख्या छोट्या गाडीच्या ३५ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या करंटचं माप) बॅटरीवर हिशोब करा, २०० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला ४.८ एएच, आठवड्यात बॅटरी मोकळी, आणि स्टार्टर तर त्याच्या कितीतरी आधी नको म्हणतो. एका वायरची जागा बदलली, १० च्या खाली आलं. नव्या बॅटरीचे पैसे फुकट गेले त्यांचे, मला खरंच वाईट वाटलं.

म्हणून आधी मीटर. चावी काढून कुठल्या वायरवर १२ व्होल्ट येतात ते बघा, मग चावी एसीसीवर, म्हणजे इंजिन न लावता स्टिरिओ चालतो त्या खाचेवर, फिरवून कुठल्यावर नव्याने आले ते बघा, कागदावर लिहा, मग जोडा. फ्यूज बॉक्समधून घ्यायचं असेल तर फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जास्तीची वायर काढून देणारी पिन) मिळतो तो लावा, लायटरच्या फ्यूजवर, आणि किटसाठी स्वतंत्र २-३ अँपिअरचा फ्यूज. एअरबॅग, एबीएस, इंजिन यांच्या फ्यूजवरून काहीही घेऊ नका.

जोड पिळून टेप मारून सोडू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही, त्यात साध्या टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि उघडी तार पत्र्याला टेकते. मी जुनी कामं खोलतो तेव्हा बोटांना तो काळा चिकटा लागतो, लगेच कळतं आत काय असणार. सोल्डर करून वर स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) गरम करा, नाहीतर पक्कडीने दाबून व्यवस्थित क्रिंप करा. उरलेली वायर गुंडाळून कापडी टेप लावा आणि केबल टायने बांधा, नाहीतर खड्ड्यात खडखड करेल. आणि पायाकडचं नक्की तपासा. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून एका गाडीत माइकची वायर स्टिअरिंगच्या दांड्याजवळ सैल राहिली होती, क्लचला घासून सोलली गेली. गिऱ्हाईक वेळेवर परत आलं म्हणून निभावलं. त्यानंतर मी खाली झोपून, तिन्ही पेडल हाताने दाबून आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितल्याशिवाय गाडी देत नाही.

बसवून झालं की टेस्ट अशी करा. घरी कोणालातरी फोन लावा आणि त्यांना फक्त ऐकायला सांगा. गाडी उभी, एसी बंद, तुम्ही नेहमीच्या आवाजात एक ते वीस मोजा. मग एसी दोनवर, परत मोजा. मग दुसरं कोणी गाडी चालवेल, तुम्ही बाजूला बसून फोन लावून द्या. बोलायचं मात्र चालवणाऱ्यानेच, कारण माइक त्याच्यासाठी लावलाय. आडगावकडे जाणाऱ्या उड्डाणपुलावर ६० च्या स्पीडला एक ते वीस. घरच्यांनी सांगायचं कुठला आकडा तुटला. चांगलं ऐकू येतंय का असं विचारलं तर माणसं हो म्हणतात, आकडा विचारला की खरं सांगतात. आकडे तुटत असतील तर माइक दोन बोटं इकडे-तिकडे करून परत बघा. मी माइक आधी नुसत्या टेपने लावतो, टेस्ट झाल्यावरच पक्का चिकटवतो.

कायद्याचं पण विचारतात. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या बदलानंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात धरून फोन वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं, पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांत रस्ता बघण्यापुरता फोन चालतो, तोही लक्ष विचलित होणार नाही असा. किट लावला की हात मोकळे होतात दादा, पण डोकं भावात गुंतलेलं असतं, आणि चांदोरीकडच्या रस्त्याला उसाचा ट्रॅक्टर विनालाइटचा समोर येतो तेव्हा डोकंच लागतं. मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो, फोन उचला, "दहा मिनिटांत करतो" म्हणा आणि ठेवा. तेवढंच काम किटचं. हिशोबाचं बोलणं गाडी कडेला घेऊन.

तर तुम्ही काही विकत घ्यायच्या आधी पॉवर बँकवाली टेस्ट करा, आजच करा, पाच मिनिटांची आहे. कूंऽऽ गेला की राहिला तेवढं कळवा, आणि स्टिरिओच्या मागच्या कपलरचा एक फोटो पाठवा, म्हणजे कुठला कपलर मागायचा ते नेमकं सांगता येईल.